आम्हांला काय झाले?

मराठी घरात वाद जिंकण्याचे एक ब्रह्मास्त्र आहे. ते सोडायला विद्वत्ता लागत नाही, आवाज चढवावा लागत नाही. थोडे वय मात्र लागते. पन्नाशी उलटलेल्या कोणाही गृहस्थाने अगर गृहिणीने चकलीचा तुकडा मोडता मोडता, समोरच्याकडे न पाहता, चार शब्द उच्चारावेत — ‘आम्हांला काय झाले मग?’ — की पुढचा माणूस गारद! सून म्हणते, तान्ह्याला मध चाटवू नका, डॉक्टरांनी वर्षापर्यंत नको म्हणून बजावले आहे. उत्तर तयारच असते : आमच्या घरची सारी पोरे मधाच्या बोटावर वाढली, त्यांना काय झाले? मुलगा म्हणतो, कोपऱ्यावर जायचे असले तरी हेल्मेट घाला. चाळीस वर्षे बोडक्याने स्कूटर चालवली, मला काय झाले? नात सांगते, शाळेत मुलांना मारायला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी आहे. आजोबा हसतात. निगडीचे ओले फोक खाल्ले आहेत आम्ही. आम्हांला काय झाले?

मी आज या वाक्याशी भांडायला बसलो आहे. दिवाळीच्या अंकात भांडण कशाला, असे कोणी म्हणेल. पण या वाक्याला गाठायचे तर दिवाळीतच गाठले पाहिजे. एरवी तीन पिढ्या तीन गावी असतात. या चार दिवसांत त्या एका डब्याभोवती बसतात आणि मग चिवड्याबरोबर हेही सढळ हाताने वाटले जाते. तेव्हा वाचकहो, तोंडातला घास संपवा आणि अंमळ माझ्याबरोबर चला.

आपल्या पूर्वजांना वादाचे शास्त्र होते. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमान मांडण्याची जी पद्धत आहे ती पाच पायऱ्यांची : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नी आहे. कारण तेथे धूर आहे. जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर. हा डोंगरही तसाच धुरकट. म्हणून डोंगरावर अग्नी आहे. हा धूर आणि हा डोंगर शेकडो वर्षे पाठशाळांतून घोकला गेला. आपले ब्रह्मास्त्र या पाच पायऱ्यांवर चढवून पाहू. मध चाटवणे निर्धोक आहे, ही प्रतिज्ञा. कारण त्याने अपाय होत नाही असा अनुभव आहे, हा हेतू. जे जे मूल मध चाटले ते ते धडधाकट वाढले, जसे आम्ही, हे उदाहरण. हे बाळही त्यांच्यासारखेच मूल. म्हणून चाटवा मध!

सांगाडा पाहिला तर खासा आहे. तिसरी पायरी खरी असेल तर पाचवी टाळता येत नाही. पुष्कळांचा घोटाळा येथेच होतो. युक्तिवादाची बांधणी नीट असणे निराळे आणि त्यात घातलेला माल खरा असणे निराळे. सुतार कितीही चांगला असला तरी त्याने भेंडाच्या लाकडाची तुळई घातली तर माळा खाली येणारच. येथे भेंडाचे लाकूड आहे ते तिसऱ्या पायरीत. ‘जे जे मूल चाटले ते ते वाढले’ ही जी व्याप्ती, ती काढली कोणी आणि कोणाला पाहून? ताटाभोवती बसलेल्यांनी, ताटाभोवती बसलेल्यांना पाहून. ज्यांना काही झाले ते या ताटावर नाहीत. ते चकली मोडत नाहीत आणि वादही घालत नाहीत.

माझी आजी निरक्षर होती. तिला कोणी विचारले, मुले किती, तर ती कधीही एक आकडा सांगत नसे. ‘झाली आठ, राहिली चार,’ असे म्हणे. त्या पिढीच्या साऱ्याच बायका असे दोन आकड्यांत बोलत. तेव्हा ते आम्हां मुलांना विचित्र वाटे; नुसते चार म्हणायला काय हरकत आहे? आज मला वाटते, तर्कशास्त्रावरचे जाडजूड ग्रंथ उलटून जे ध्यानात येते ते त्या दोन क्रियापदांत होते. झाली आणि राहिली. राहिलेल्यांवरून झालेल्यांविषयी काही ठरवायचे नसते, हे तिला पक्के ठाऊक होते, कारण मधले चार तिने स्वतः पोचवले होते. गंमत अशी की त्या राहिलेल्या चारांतलेच एक माझे काका, पुढे आयुष्यभर ‘आम्हांला काय झाले’ म्हणत राहिले. ‘आम्हांला’ म्हणजे किती जणांना, हे त्यांना त्यांच्या आईने कधी विचारले नाही.

ही केवळ आमच्या घरची कथा नव्हे. १९५१ च्या सुमारास आपल्या देशात दर हजार जन्मांमागे सुमारे १४६ बालके पहिला वाढदिवस पाहत नसत. २०२० साली सरकारी नोंदणी-पाहणीत हाच आकडा २८ वर आला. आता कोणी लगेच ओरडेल की हा सारा फरक मध बंद केल्याने पडला काय? मुळीच नाही. लसी आल्या, प्रसूतिगृहे आली, पाणी बरे झाले, मुलींच्या लग्नाचे वय वाढले, आया शिकल्या. मधाला मी १४६ बालकांचा खुनी ठरवीत नाही. तसे ठरवणे हाही तर्काचा खूनच होईल. मधात कधीमधी एका जंतूची बीजे असतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ती निमूट निघून जातात, तान्ह्याच्या आतड्यात मात्र रुजून विष तयार करू शकतात. हा विकार विरळा आहे. विरळा आहे म्हणूनच शंभर घरांत काही होत नाही, शंभर आज्या शपथेवर साक्ष देऊ शकतात आणि त्या शंभरही खऱ्या बोलत असतात! मुद्दा त्यांच्या खरेपणाचा नाहीच. जेथे धोका हजारात एखाद्यालाच गाठतो तेथे शंभरांची सुखरूप साक्ष काहीच सांगत नाही. आणि जेथे धोका जीवच घेतो तेथे साक्षीदारांची निवडच मृत्यूने करून ठेवलेली असते.

सिसेरोने एक जुनी कथा सांगितली आहे. डायगोरस नावाच्या एका नास्तिकाला त्याच्या मित्राने देवळातल्या तसबिरी दाखवल्या. वादळात नवस बोलून सुखरूप काठाला लागलेल्या खलाशांनी त्या अर्पण केल्या होत्या. देव असल्याचा हा पुरावा पुरेसा नाही काय, असे मित्राचे म्हणणे. त्यावर डायगोरसाने विचारले की नवस बोलूनही जे बुडाले त्यांच्या तसबिरी कोणत्या भिंतीवर आहेत? आपल्याकडे तसबिरींऐवजी पाळणे असतात. मूल झाले म्हणून देवळात टांगलेले ते लहान लहान लाकडी पाळणे मी कितीतरी ठिकाणी पाहिले आहेत, आणि ते टांगणाऱ्यांच्या आनंदाची थट्टा करण्याइतका मी कोरडा नाही. पण जिचा नवस फळला नाही ती बाई देवळात काय टांगते? काही नाही. ती गुपचूप दुसऱ्या देवळाची वाट धरते. अशा रीतीने प्रत्येक देवळात फक्त फळलेल्या नवसांची मोजदाद राहते आणि न फळलेले नवस त्या बाईच्या कपाळी जमा होतात — ‘हिचेच काही असेल.’

सर्पदंशाच्या बाबतीत हाच हिशेब अधिक कठोर होतो. खेड्यात आजही साप चावलेल्या माणसाला आधी मांत्रिकाकडे नेणारे लोक आहेत, आणि ते मूर्ख नाहीत. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते की मंत्र टाकला आणि माणूस उठून चालू लागला. पाहिले ते खरे. काढले ते खोटे. आपल्याकडच्या बहुसंख्य सापांना विष नाही. माणसे मरतात ती मुख्यत्वे चौघांमुळे : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. धामण, दिवड, तस्कर यांच्या चाव्याने जखमेपलीकडे सहसा काही होत नाही. कवड्या तर अंगावरच्या पट्ट्यांमुळे मण्यारीसारखा दिसतो, म्हणून त्याने चावलेला माणूस भीतीनेच अर्धा होतो आणि मंत्राने पूर्ण बरा होतो. त्यातून विषारी सापदेखील दर चाव्याला विष सोडतोच असे नाही. त्याला कोरडा दंश म्हणतात. म्हणजे मांत्रिकाने मंत्राऐवजी बे एकं बे म्हटले असते तरी त्याच्या अंगणातून बहुतेक माणसे चालतच घरी गेली असती. उरलेली, ज्यांना खरोखर घोणस चावली होती, त्यांचे काय? त्यांच्यासाठी मांत्रिकाजवळ दुसरे वाक्य असते : ‘फार उशिरा आणलेत.’

या दोन वाक्यांची जोडी पाहा. वाचला तर मंत्राने, मेला तर उशिराने. जगात असे काहीही घडू शकत नाही की ज्याने मंत्र खोटा ठरेल. लोकांना वाटते की ज्याच्याविरुद्ध पुरावाच सापडत नाही ते विधान भक्कम. वस्तुतः ज्याच्याविरुद्ध पुरावा सापडूच शकत नाही त्याच्या बाजूनेही पुरावा असू शकत नाही. न्यायशास्त्रात हेतूच्या दोषांना हेत्वाभास म्हणतात, आणि गौतमाने सांगितलेल्या पाचांत पहिला आहे सव्यभिचार : जो हेतू साध्य असते तेथेही सापडतो आणि नसते तेथेही. मंत्र वाचलेल्यावरही टाकलेला असतो आणि मेलेल्यावरही. मग मंत्राने माणूस वाचतो हे त्यावरून कसे ठरणार? व्यभिचार हा शब्द आपण फार संकुचित करून टाकला आहे. खरा व्यभिचार या हेतूंचा आहे, दोन घरी सारख्याच दिमाखाने वावरणाऱ्या! आणि हा शब्दांचा खेळ नाही. २००० ते २०१९ या काळात आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असावीत असा एका देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे. घोड्यांच्या रक्तापासून केलेली प्रतिविषाची इंजेक्शने त्या वर्षांत अस्तित्वात होती. मांत्रिकाच्या अंगणात गेलेला एक तास ती इंजेक्शने परत देत नाहीत.

एवढे ऐकल्यावर आमच्यातले एक सुसंस्कृत गृहस्थ नेहमी म्हणतात, ‘सगळे कबूल. पण घर म्हणजे काय कोर्ट आहे? घर प्रेमावर चालते, तर्कावर नव्हे.’ हे वाक्य फार गोड आहे, आणि त्यातला गोडवा काढून घेतला तर खाली उरते ते असे : घरात ज्याचा शब्द आज चालतो त्याचाच उद्याही चालावा. कारण तर्क घराबाहेर काढला की प्रेम आत येत नाही. वडीलधारेपण आत येते, मिळवत्याचा तोरा आत येतो. ज्याला यापैकी काही नाही, म्हणजे लहान मुलाला, नव्या सुनेला, ताटाशी शेवटी बसणाऱ्या विधवा आत्याला, त्याच्यापाशी युक्तिवादाखेरीज दुसरे हत्यार असते तरी कोणते? आणि तर्क म्हणजे कोर्टकज्जा ही समजूतही उसनी आहे. गौतमानेच तीन प्रकार वेगळे केले होते. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःचे काही न मांडता दुसऱ्याचे नुसते पाडण्यासाठी होते ती वितंडा. पैकी वाद कोणाशी करावा? शिष्याशी, गुरूशी, सहाध्यायाशी, आपले भले इच्छिणाऱ्या आणि आपला मत्सर न करणाऱ्या माणसाशी. हे वर्णन घरच्यांना लागू पडत नसेल तर कोणाला लागू पडेल?

आता दुसऱ्या एका वाक्याकडे वळतो. ब्रह्मास्त्र निदान वय झाल्यावर हाती येते. हे दुसरे हत्यार सर्वांच्याच हाती आहे. पाऊस पडला की अंगण ओले होते. अंगण ओले आहे. म्हणून पाऊस पडला. ज्याच्या घरी पहाटे सडा घालतात तो या अनुमानाला हसेल. पण हेच अनुमान शब्द बदलून त्याच्यासमोर आणा, तो न हसता मान डोलावील. चोर विचारल्यावर गडबडतो. ही बाई विचारल्यावर गडबडली. म्हणून चोर हीच. आमच्या शेजारच्या एका घरी ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी अंगठी हरवली. धुण्याभांड्याच्या बाईला चार जणांनी मध्ये उभे करून विचारले, तेव्हा तिचे ओठ थरथरले. झाले! तिला तेथल्या तेथे हिशेब देऊन काढली. अंगठी देवदिवाळीच्या आत बेसनाच्या डब्यात सापडली. लाडू वळताना काढून ठेवलेली. बाईला परत बोलवायचे कोणालाच सुचले नाही. उलट, ‘असतेच हो यांची हातचलाखी, या वेळी नसेल इतकेच,’ असा समारोप मी या कानांनी ऐकला. चार प्रतिष्ठित माणसांनी घेरून विचारल्यावर जिचे पोट त्या कामावर आहे ती बाई गडबडणार नाही तर काय गाणे म्हणेल? चोर असो वा नसो, ओठ थरथरणारच. म्हणजे थरथरण्यावरून चोरी ओळखता येत नाही. सड्यानेही अंगण ओले होते.

घरातून हेच अनुमान रस्त्यावर येते तेव्हा काय होते तेही पाहिलेच आहे आपण. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे, ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धर्मच गावोगाव फिरून भिक्षा मागण्याचा, तेथे आली होती. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा मोबाइलवरून त्या भागात आधीच पसरलेली. मुले पळवणारे परके असतात. हे परके आहेत. म्हणून हे मुले पळवणारे. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्या पाचही जणांना जमावाने ठार मारले. त्या जमावात आपल्या मुलांवर जिवापाड प्रेम करणारे बाप होते, याबद्दल मला शंका नाही. ‘घर प्रेमावर चालते’ म्हणणाऱ्या आमच्या सुसंस्कृत गृहस्थांनी या गोष्टीचा विचार करावा. प्रेम होतेच हो तेथे. ‘परका’ आणि ‘पळवणारा’ या दोन शब्दांमधले अंतर मोजणारा कोणी नव्हता.

येथवर मी वडीलधाऱ्यांवर बरेच तोंडसुख घेतले. आता तरुण मंडळी खुशीत आली असतील. त्यांनाही थोडे वाढतो.

हल्ली प्रत्येक घरात एक भाचा असा असतो की ज्याला तर्कदोषांची पंचवीस-तीस नावे पाठ असतात. मामा बोलू लागला की तो मासे मोजल्यासारखी नावे मोजतो : हा व्यक्तिहल्ला झाला, ही घाईची सरसकटता झाली, हा परंपरेचा दाखला झाला. नावे बरोबर असतात. पण नाव ठेवले की मुद्दा संपला असे त्याला वाटते, आणि तेथे तो मामाइतकाच आंधळा होतो. एखाद्याने दिलेले कारण फुसके आहे एवढ्याने त्याचे म्हणणे खोटे ठरत नाही. वकील वाईट मिळाला म्हणून अशील गुन्हेगार होतो काय?

जुलाब झालेल्या मुलाला आज्या भाताची पातळ पेज मीठ घालून पाजीत. का, असे विचारले तर सांगत, आमच्याकडे असेच करतात. कारण म्हणून हे शून्य. त्याच वेळी शेजारच्या घरची आजी ‘आमच्याकडे असेच करतात’ म्हणून मुलाचे पाणी तोडीत होती आणि मूल सुकत होते. एकाच हेतूतून दोन उलट गोष्टी निघतात, तेव्हा परंपरा हा हेतू पुन्हा तोच सव्यभिचार. भाचा येथवर बरोबर येतो आणि मग पेज ओतून टाकतो! पेज बरोबर होती. ती का बरोबर होती हे कळायला मात्र मोजणी लागली. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची साथ उसळली, शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोड्याचे पाणी पिंपे भरभरून नातेवाइकांच्या हाती दिले. शेकडा ३० च्या घरातले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखाली ४ च्या खाली आले. त्यांनी झालेले आणि राहिलेले दोन्ही मोजले होते. माझ्या आजीला तो हिशेब सांगितला असता तर क्षणात कळला असता.

भाच्याचा दुसरा घोटाळा अधिक वाईट. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला, आणि तिच्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीच्या कपटाविषयी व अविचाराविषयी झोड उठली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापून त्याला उत्तर दिले. त्यांनी स्त्रियांवरचा एकेक आरोप उचलला आणि हा दुर्गुण पुरुषांत नाही काय, असे विचारत गेल्या. आमचा भाचा हे वाचताच म्हणेल, ‘हा तर तूही तसाच-दोष!’ तो साफ चुकेल. माझी चोरी दाखवल्यावर ‘तूही चोर’ म्हणणे हा दोष आहे, कारण त्याने माझी चोरी मिटत नाही. ताराबाई कोणाचा गुन्हा मिटवीत नव्हत्या. कपट आहे म्हणून स्त्रीला कोंडा, असा जो नियम होता, त्यातला कपट हा हेतू पुरुषांतही सापडतो आणि तेथे मात्र कोंडणे नाही, एवढे त्या दाखवीत होत्या. म्हणजे कोंडण्याचे कारण कपट नव्हेच, दुसरेच काही आहे. यापेक्षा शुद्ध तर्क मराठीत क्वचितच लिहिला गेला असेल. त्या पुस्तकाला जे उत्तर मिळाले त्यात मुद्द्यांपेक्षा निंदा फार होती. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, बाकीच्यांना बाई बोलली कशी, एवढाच प्रश्न पडला. बोलणाऱ्याकडे बोट दाखवून बोलणे बुजवायची ही चाल आपल्याकडे भलतीच लाडकी आहे. आगरकरांच्या युक्तिवादांना पुण्याने एक उत्तर दिले ते त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढून. तिरडी बांधणाऱ्यांपैकी एकानेही आगरकरांचे कोणते अनुमान खोडले ते कोठे नोंदलेले माझ्या वाचनात नाही.

छलाबद्दल लिहायचे राहिले. ‘जरा भाजी निवडून दे’ याचे उत्तर ‘म्हणजे मी दिवसभर बसूनच असतो, असेच ना?’ असे देणारे नवरे हा वाक्छलाचा जिवंत नमुना आहेत. पण तो विषय फार मोठा आहे, आणि या अंकात जागाही हवी आहे ती एका महत्त्वाच्या मजकुरासाठी.

तो मजकूर म्हणजे वार्षिक राशिभविष्य. दिवाळी अंक उघडला की पुष्कळजण आधी शेवटची पाने उघडतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. बारा राशींत आपल्याला कोणीतरी वर्षभर लक्षात ठेवले आहे ही भावना सुखाची असते. मात्र या सुखाची मोजणी होऊन गेली आहे. १९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांना त्यांच्या स्वभावाचे म्हणून एकेक वर्णन दिले आणि ते किती जुळते याला पाचांपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी गुण पडले चारांहून अधिक. वर्णन मात्र सर्वांना एकच दिले होते, आणि त्यातली वाक्ये त्याने बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती! दुसरी मोजणी आपल्या पुण्यातली. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांचे सहकारी — त्यांत डॉ. नरेंद्र दाभोलकरही होते, ज्यांचा पुढे २०१३ साली याच शहरात खून झाला — यांनी २०० मुलांच्या कुंडल्या जमवल्या. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या. ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० कुंडल्या देऊन विचारले, कोणती कोणाची ते सांगा. उत्तरे आली २७ जणांची. बरोबर निघाली शेकडा ४६. छापा-काटा करीत बसले असते तर शेकडा ५० च्या आसपास बरोबर आली असती.

तेव्हा या दिवाळीत एक खेळ करा. फराळ आटोपला की अंकातल्या भविष्याची पाने काढा आणि कोणीतरी एकाने राशींची नावे गाळून बाराही भविष्ये मोठ्याने वाचावीत. ज्याला जे आपले वाटेल ते त्याने कागदावर लिहून घ्यावे, आणि नावे शेवटी उघडावीत. जुळली किती तेवढेच मोजायचे नाही. न जुळलेलीही मोजायची, हाच खेळाचा नियम. काकांचे जुळले तर ते उठून ‘बघा!’ म्हणतील; त्यांना म्हणू द्यावे आणि कागद पुढच्याकडे द्यावा. संपादकांनी हा परिच्छेद कापला नाही तर त्यांचे आभार मानतो. त्यांची रास मला ठाऊक नाही.